चव्वेचाळीस ब्रासचे मैदान

बीड जिल्ह्यास समुद्र नाही. शालेय भूगोलात ही गोष्ट स्पष्ट नमूद असता ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, आमच्या परिचयातील काही उत्साही गृहस्थांनी समुद्रतीरी खेळावयाचा व्हॉलीबॉल, ज्यास हल्ली लहानथोर सर्वच बीच व्हॉलीबॉल म्हणतात, तो या जिल्ह्यात रुजविण्याचा संकल्प ऐन वैशाखात, म्हणजे संकल्पाचे उदक सोडण्यापुरतेही पाणी नदीस नसताना, सोडला. आणि वय व वजन या दोन्ही कारणांनी स्वतः मैदानात उतरण्याचा धोका नसलेला मनुष्य म्हणून सल्लागारपदी आमची नेमणूक केली. उत्तरेस गोदावरी, मधोमध सिंदफणा, शहराच्या पोटातून बिंदुसरा, दक्षिणेस मांजरा आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात सीना, असा नद्यांचा सरंजाम जिल्ह्याच्या नकाशावर निळ्या शाईत मोठ्या थाटाचा दिसतो. परंतु त्यांपैकी बहुतेकींचे पाणी वर्षातील बराच काळ दीर्घ मुदतीच्या रजेवर असते, आणि त्याच्या गैरहजेरीत नदीचा कारभार वाळू पाहते.

खाऱ्या पाण्याची गोष्ट तर बोलावयासच नको. ज्या शहराने आगगाडीची प्रतीक्षा कित्येक पिढ्या केली आणि जेथे ती २०२५ च्या सप्टेंबरात एकदाची येऊन उभी राहिली, त्या शहराने समुद्राबाबत घाई करणे शोभणारे नाही. जिल्ह्याच्या दप्तरी समुद्राच्या दोनच नोंदी सापडतात, व दोन्ही अंबाजोगाईच्या आहेत. एक मुकुंदराजांचा विवेकसिंधु, शके १११० चा. त्यावर विदर्भातील काही विद्वान आंभोऱ्याच्या वतीने हक्क सांगत असल्यामुळे ती नोंद वादग्रस्त समजावी. दुसरा दासोपंतांचा गीतार्णव. तो सव्वा लाख ओव्यांचा असल्याची परंपरा असून त्याच्या पैलतीरास लागलेला मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यात नाही. त्याच अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरून कोकणातून वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, देवी तेथेच राहिली आणि वऱ्हाडाच्या शिळा झाल्या, अशी कथा सांगतात. समुद्रकाठची एवढी मंडळी एकदम मराठवाड्यात उतरल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग; परंतु लग्नाच्या गडबडीत त्यांपैकी कोणासही येताना दोन पोती पुळण सोबत घेण्याचे सुचले नाही, आणि त्या विस्मरणाचा भुर्दंड आज आमच्या स्नेह्यांवर पडला.

समुद्र नाही तर समुद्राकाठचा खेळ येथे चालावा कसा, हा आक्षेप पारावर पहिल्याच दिवशी निघाला. त्याचे उत्तर आष्टी तालुक्यातील मौजे मांडवा या गावाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. तेथील अविनाश साबळे तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत धावतात आणि त्या शर्यतीतील एक अडथळा पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा असतो. आष्टी तालुक्यात उन्हाळ्यात तेवढे पाणी एका जागी साठलेले दिसले तर लोक त्यावरून उडी न मारता घागरी घेऊन त्याकडे धावतील. तथापि याच गावच्या मनुष्याने पाण्यावरून उड्या घेत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली सुवर्णपदक मिळविले. तेव्हा ज्या वस्तूचा खेळ खेळावयाचा ती वस्तू गावात असलीच पाहिजे, असा काही सिद्धान्त नाही. शिवाय बीच व्हॉलीबॉलच्या थोर स्पर्धांनी समुद्राची मुरवत केव्हाच सोडली आहे. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी केवळ प्रात्यक्षिक म्हणून मांडलेला हा खेळ १९९६ साली पदकांचा मानकरी झाला तो अटलांटात, आणि अटलांटा समुद्रापासून पुष्कळ आत आहे. २०१२ साली लंडनकरांनी तो राणीच्या घोडदळाच्या संचलनाच्या चौकात भरविला. २०२४ साली पॅरिसकरांनी आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी. समुद्र कोणी आणला नाही. वाळू मात्र सर्वांनी आणून ओतली.

वाळू आणून ओतली! हे वाक्य लंडनात अथवा पॅरिसात निष्पाप आहे. बीड जिल्ह्यात ते उच्चारताना मनुष्य प्रथम दरवाजा लावून घेतो.

परंतु तेथवर जाण्यापूर्वी या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण तिच्यात आमच्या स्वभावास मानवणारे पुष्कळ काही आहे. व्हॉलीबॉल हा मुळात मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, धावाधावीस कंटाळलेल्या गृहस्थांसाठी निर्माण झालेला खेळ होय. अमेरिकेतील होलिओक गावी विल्यम मॉर्गन नामक व्यायामशिक्षकाकडे व्यापारी मंडळी शरीरस्वास्थ्यासाठी येत असत. त्यांना बास्केटबॉलची दगदग सोसेना, म्हणून १८९५ साली त्याने टेनिसचे जाळे सहा फूट सहा इंचांवर चढवून चेंडू हाताने इकडून तिकडे टोलविण्याची तजवीज केली. पुढे हा खेळ १९१५ च्या सुमारास हवाई बेटांतील वाइकीकीच्या वाळूत उतरला आणि तेथून कॅलिफोर्नियातील सांता मोनिकास गेला. वाळूवर दोघांविरुद्ध दोघांनी खेळण्याची चाल तेथे १९३० मध्ये पडली. तिचे कारण असे सांगतात की, सहा-सहा जणांचे संघ ठरलेले असता मंडळी वेळेवर जमेनात, तेव्हा जे चौघे हजर होते त्यांनी वाट पाहण्याचा नाद सोडून दोन-दोनांतच खेळ सुरू केला. बोलाविलेली माणसे वेळेवर न येणे या एका गुणाच्या बळावर आमच्याकडे आजवर कित्येक सभा, पंगती आणि बैठका बुडाल्या. परंतु त्याच गुणातून एखादा ऑलिंपिक खेळ निघू शकतो, हे आमच्या पूर्वजांच्या ध्यानी न यावे याची हळहळ वाटते.

आता वाळू. नियमाप्रमाणे या खेळाचे मैदान सोळा मीटर लांब व आठ मीटर रुंद असावे लागते, त्याभोवती चहूबाजूंनी निदान तीन मीटर मोकळी जागा सोडावी लागते, आणि वाळूचा थर चाळीस सेंटिमीटरहून कमी चालत नाही. वाळू बारीक, मोकळी, सपाट केलेली आणि खडे-शिंपल्यांपासून मुक्त हवी. आमच्या मंडळात एक निवृत्त अव्वल कारकून आहेत. त्यांनी हे नियम ऐकताच डोळे मिटले, ओठ हलविले, आणि क्षणार्धात निवाडा दिला की, बावीस मीटर गुणिले चौदा मीटर गुणिले चाळीस सेंटिमीटर, म्हणजे एकशे तेवीस घनमीटरांच्या वर, म्हणजे शंभर घनफुटांच्या ब्रासच्या हिशेबाने साडेत्रेचाळीस ब्रास. वाहतुकीतील सांड धरून चव्वेचाळीस. “साहेब,” ते अत्यंत हलक्या आवाजात म्हणाले, “हा खेळ नाही. हा गुन्हा आहे.”

ज्या वाचकांचे आयुष्य समुद्रकाठी अथवा पुण्या-मुंबईच्या सिमेंटात गेले त्यांस या उद्गाराचे गांभीर्य कळावे म्हणून थोडा खुलासा करतो. वाळू ही त्यांच्या दृष्टीने चपलेत शिरणारी एक उपद्रवी वस्तू असेल. आमच्याकडे ती गौण खनिज आहे. गौण हे विशेषण तिला कायद्याने लाविले आहे; व्यवहारात तिच्याइतके प्रधान खनिज दुसरे नाही. तिचे घाट ठरतात, घाटांचे लिलाव होतात, स्वामित्वधन भरले जाते, पावत्या फाटतात. आणि या सर्व सोपस्कारांस फाटा देऊन ती उचलल्यास जमीन महसूल संहितेचे अठ्ठेचाळिसावे कलम बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड व वाहनाची जप्ती फर्मावते. निजामाच्या अमदानीत या मुलखात जिल्ह्याच्या मुख्यास अव्वल तालुकदार आणि मंडळाच्या अधिकाऱ्यास गिरदावर म्हणत. हुद्द्यांची नावे बदलली, दप्तरांवरील मोहरा बदलल्या, परंतु नदीकाठी मोटारीचा दिवा दिसताच उठून जाण्याचे अधिकाऱ्याचे कर्तव्य आणि तो येण्यापूर्वीच निघून जाण्याचे वाळूचे कौशल्य यांत काही न्यून आलेले नाही. वाळू हा स्वभावतः निशाचर पदार्थ आहे. दिवसा ती नदीत निपचित पडलेली दिसते. अंधार पडला की हायव्यात बसून प्रवासास निघते, आणि पहाटे एखाद्या बांधकामापाशी अनौरस अर्भकाप्रमाणे सापडते. पंचनाम्यात तिच्या मालकाच्या रकान्यात ‘अज्ञात इसम’ असे लिहिण्याचा प्रघात आहे; आणि इतकी मिळकत असलेला अज्ञात इसम जगाच्या पाठीवर दुसरा नसेल.

अशा जिल्ह्यात चव्वेचाळीस ब्रास वाळू, आणि तीही घर बांधण्यास नव्हे तर तिच्यावर पडण्यास, कोणी मागू लागला तर त्याच्या हेतूविषयी सरकारास शंका येणे स्वाभाविक आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यास सरकारी धोरणानुसार पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य मिळते. म्हणजे आमच्या मंडळींच्या उड्यांखाली जवळजवळ नऊ कुटुंबांची घरे दबली जाणार होती. ही तुलना अव्वल कारकुनांनी काढली तेव्हा बैठकीत काही काळ शांतता पसरली, आणि एका तरुणाने तर आपली नवी अर्धी चड्डी घडी घालून ठेवली. तरीही कायदेशीर मार्ग चोखाळून पाहावा म्हणून एक रीतसर अर्ज लिहून एका कचेरीत गुदरण्यात आला. कचेरीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण त्या अर्जास कोणत्याही कचेरीने हेच उत्तर दिले असते. वाळूचा वापर निवासी, व्यापारी की शासकीय, हे अर्जदारांनी स्पष्ट करावे, असा पहिला शेरा आला. ‘क्रीडा’ असे कळविल्यावर, क्रीडेचा रकाना नमुन्यात नाही, सबब नमुना बदलून आणावा, असा दुसरा. तिसऱ्या शेऱ्यात, प्रस्तुत खेळ नावावरूनच समुद्रकिनाऱ्याचा दिसत असल्यामुळे सदर जागी समुद्रकिनारा असल्याबाबत तलाठ्याचा दाखला जोडावा, असे फर्मान होते. आमच्या मंडळींपैकी जो सर्वात आशावादी होता तो खरोखरच दाखल्यासाठी सज्जावर गेला. आणि तलाठीभाऊसाहेबांनी सातबारा, आठ-अ व चतुःसीमा शांतपणे तपासून, पूर्वेस ओढा व पश्चिमेस गायरान आढळते, समुद्र आढळत नाही, असे तोंडी सांगून त्यास चहा पाजला.

तेव्हा निर्णय असा झाला की, वाळूस आपल्याकडे आणण्याऐवजी आपणच वाळूकडे जावे. वाळू जागची न हलविता तिच्यावर उड्या मारण्यास मनाई करणारे कलम अव्वल कारकुनांस शोधूनही सापडले नाही. आणि जे त्यांस सापडले नाही ते अस्तित्वात नाही असे समजण्याचा आमच्याकडे रिवाज आहे.

स्थळ निवडताना गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन पुढे आले. गोदावरीच्या काठचे हे शनिदेवाचे क्षेत्र. शनीचा लौकिक लक्षात घेता खेळास प्रारंभ करण्यास याहून साहसी जागा मिळणे कठीण. परंतु आमच्या मनात भरली ती तेथील दुसरी गोष्ट. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच ठिकाणी पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजाम काही फौजेनिशी नदी उतरून गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकलेला, आणि मध्ये पावसाळ्यातील गोदावरी. एका पक्षाचे खेळाडू जाळ्याच्या दोन बाजूंस विभागले गेल्यास काय होते याचे इतके सुस्पष्ट उदाहरण व्हॉलीबॉलच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही. विठ्ठल सुंदर त्या दिवशी मारला गेला. आणि जिंकलेला पक्ष कोणता? रघुनाथराव व माधवराव. चुलता आणि पुतण्या. परस्परांविषयी दोघांच्या मनात काय होते ते इतिहासाने पुढे यथास्थित नमूद केले; परंतु त्या दिवशी राघोबादादा गराड्यात सापडले असता अठरा वर्षांचा पुतण्या मदतीस धावला व त्याने बाजू सावरली. बीच व्हॉलीबॉलचे सारे मर्म याहून वेगळे नाही. दोघेच खेळाडू, बदली कोणी नाही, मैदान दोघांना पुरून उरणारे, आणि आपल्या पाठीमागे पडणारा चेंडू दुसरा उचलील यावर, त्याच्याविषयी काहीही मत असले तरी, त्या क्षणापुरता विश्वास ठेवणे भाग. चुलते-पुतणे ही जोडी या जिल्ह्याच्या चांगल्याच परिचयाची असून तिचे सामने येथील जनता दर निवडणुकीस पाहत आली आहे. त्यांत आणि या खेळात भेद एवढाच की, तेथे दोघे बहुधा जाळ्याच्या परस्परविरुद्ध बाजूंस असतात.

जोडीचा दुसरा एक प्रकार याच जिल्ह्यात आहे, आणि त्याविषयी थट्टा करण्यास जीभ रेटत नाही. दसरा-दिवाळी झाली की येथील गावेच्या गावे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, आणि दोघांपैकी एक आजारी पडून खाडा झाला तर तो जोडीच्या नावे मांडला जातो. बदली खेळाडू नाही, हा नियम सांता मोनिकाकरांनी मोठ्या अभिमानाने केला. आमच्या सिंदफणेकाठच्या एका बाईंना तो समजावून सांगितला तेव्हा त्यांना त्यात नवीन काय हे शेवटपर्यंत कळले नाही. “दोघातला एक पडला तर दुसऱ्यानं ओढायचं, एवढंच ना?” त्या म्हणाल्या, आणि शेळ्या घेऊन पुढे गेल्या.

राक्षसभुवन शेवटी दूर पडले, म्हणून सिंदफणेच्याच एका कोरड्या वळणावर, दोन बाभळींच्या साक्षीने, मैदान आखण्यात आले. सीमारेषा पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीच्या असाव्या लागतात. त्या एका लग्नमंडपाच्या झालरीतून निघाल्या. जाळे पुरुषांसाठी दोन मीटर त्रेचाळीस व स्त्रियांसाठी दोन मीटर चोवीस सेंटिमीटर उंच हवे. ते बांधले तेव्हा एका टोकास पुरुषांचे व दुसऱ्या टोकास स्त्रियांचे होते, परंतु नदीचे पात्रच तिरपे असल्याचा बचाव मान्य करण्यात आला. खांब रोवण्याच्या कामी मात्र आमची मंडळी निष्णात ठरली. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे जाऊन पाहतात तो मैदानाचा पूर्वेकडील अर्धा भाग, म्हणजे चौतीस ब्रास क्रीडांगण, रातोरात प्रवासास गेलेले. पश्चिमेकडील अर्धा पुरुषभर उंचीवर शिल्लक, आणि मधोमध जाळे जसेच्या तसे लोंबत असलेले. थर चाळीस सेंटिमीटरहून कमी नसावा, एवढेच नियम सांगतो. मैदानाच्या दोन बाजूंच्या पातळीत पाच फुटांचे अंतर असावे की नसावे याविषयी आंतरराष्ट्रीय महासंघ मौन बाळगून आहे. अज्ञात इसमास खेळाविषयी आदर होता असे म्हणावे लागेल, कारण त्याने चेंडूस हात लावला नाही. मंडळींनी तक्रार न करता वळणाच्या पलीकडे, जेथे वाहन उतरत नाही अशी जागा पाहून, नवीन आखणी केली.

आता प्रत्यक्ष खेळ. आमच्या खेड्यापाड्यांतून शूटिंग बॉलची परंपरा जुनी आहे. दोन्ही हात जोडून चेंडूस असा तडाखा द्यावयाचा की तो पलीकडच्या गड्याच्या छातीत बसला पाहिजे, हे तिचे तत्त्वज्ञान. आणि शाळेच्या मैदानावर सायंकाळी तो आवाज ऐकू आला नाही तर गावकऱ्यांस चुकल्यासारखे वाटते. या परंपरेतील दोन नामांकित गडी वाळूत उतरले तेव्हा सर्वांच्या अपेक्षा उंचावल्या होत्या. पहिल्या गड्याने धाव घेतली. कठीण जमिनीवर त्याच धावेस लागते त्याच्या दीडपटीहून अधिक शक्ती वाळूवर लागते, असे शास्त्रज्ञ सांगतात. गड्यास ते शास्त्रज्ञ माहीत नव्हते, परंतु तिसऱ्या पावलास त्याच्या मुद्रेवर त्यांच्याशी पूर्ण सहमती उमटली. दुसऱ्याने उडी मारली. म्हणजे शरीरातील सर्व संबंधित अवयवांनी उडीची कार्यवाही पूर्ण केली. फक्त उंचीत काही वाढ झाली नाही, कारण उडीसाठी पायांनी दिलेला जोर वाळूने स्वतःकडेच जमा करून घेतला. पाहणाऱ्यास वाटावे की हा मनुष्य कोणास तरी लवून मुजरा करीत आहे.

तेव्हा नवशिक्याने प्रथम उडी विसरावी, असा सल्ला आम्ही बाभळीखालून दिला, आणि तो आजही योग्य वाटतो. वाळूत धावण्याची रीत वेगळी: पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले, टाच रुतू न देता सपाट पाऊल टाकीत जावे, आणि चेंडू कोठे पडणार हे कळल्यावर नव्हे, कळण्यापूर्वीच निघावे. हा शेवटचा भाग ज्योतिषाकडे झुकतो, परंतु त्यास इलाज नाही. चेंडूचा परीघ घरातल्या व्हॉलीबॉलच्या तोडीचाच, सहासष्ट ते अडुसष्ट सेंटिमीटर. आत हवा मात्र बरीच कमी भरतात. त्यामुळे तो हातास मऊ लागतो, वाऱ्यावर डुलतो, आणि बालाघाटाकडून दुपारी सुटणाऱ्या वाऱ्यात तर मारणाऱ्याच्या इराद्याची काडीमात्र पर्वा करीत नाही. शूटिंगवाल्यांची खरी कुचंबणा नियमांनी केली. उघड्या पंजाच्या बोटांनी चेंडू हळूच जाळ्यापलीकडे लोटणे येथे निषिद्ध. बोटांनी लिफ्ट देताना चेंडू जरा गिरकी खात निघाला की पंच दोन स्पर्शांचा संशय घेतो. आणि जाळ्यावर ब्लॉक केला तर तोही तीनांपैकी एक स्पर्श म्हणून खर्ची पडतो. घरातल्या खेळात ब्लॉक हिशेबात धरीत नाहीत. अव्वल कारकुनांस ही सुधारणा एकदम पसंत पडली. आजवर बिनहिशेबी चाललेल्या एका बाबीची अखेर नोंद होऊ लागली, असे त्यांचे मत पडले.

खुणांच्या प्रकरणाने मात्र काही दिवस वातावरण गढूळ केले. सर्व्हिस होण्यापूर्वी जाळ्यापाशी उभा राहिलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन जोडीदारास बोटांनी सांगतो: एक बोट, म्हणजे मी रेषेच्या बाजूचा मारा अडवितो, दोन बोटे, म्हणजे तिरपा. काठावर बसलेल्या मंडळींस ही पाठीमागची बोटे नेमकी दिसत असत. ज्या प्रदेशात पाठीमागे हात नेऊन बोटे दाखविण्याचा अर्थ मोंढ्यातल्या सौद्यापासून मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे, तेथे दोन सख्खे मावसभाऊ भर मैदानात एकमेकांस दोन बोटे दाखवितात, याचा अर्थ दोन हजार की दोन लाख, यावर संध्याकाळी पारावर खल झाला. “आबा, कामून भानगडीत पडता?” असे एका पोराने समजाविले तरी आबांचे समाधान होईना, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर येऊन, व्यवहार काय तो तोंडावर बोला, पाठीमागं नको, अशी दोन्ही पक्षांस समज दिली.

पोशाखाच्या विषयात आम्ही अधिक खोल शिरत नाही. या खेळाच्या चित्रांतील पोशाख पाहून मंडळातील वडीलधाऱ्यांनी ती चित्रे अधिक बारकाईने तपासण्यासाठी स्वतःकडे ठेवून घेतली, एवढेच नमूद करतो. वास्तविक स्त्री-खेळाडूंस बाह्यांचे सदरे व आखूड विजारी घालण्याची मुभा आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ सालीच दिली आहे. आमच्या गावच्या मुली तर शाळेच्या ट्रॅकपँटीत आल्या, ओढण्या बाभळीस बांधून मोकळ्या झाल्या, आणि वजन कमी असल्यामुळे म्हणा की पाठीवर लौकिकाचे ओझे नसल्यामुळे म्हणा, चार दिवसांत शूटिंगवाल्या गड्यांहून सरस खेळू लागल्या. या घटनेची चर्चा गावात मुद्दाम कोणी वाढविली नाही. पायांत काही न घालता खेळण्याचा दंडक आहे. परंतु आमची वाळू काळ्या पाषाणाची लेक, मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला म्हणजे दहा वाजण्याच्या आतच ती तव्यावर बसते. पंचाच्या अनुज्ञेने पायांत मोजे घालता येतात. ते नसल्यास खेळाडू आपोआप उडू लागतो, आणि सल्लागारास जे शब्दांनी साधले नाही ते उन्हाने साधते.

प्रत्येक सात गुणांनंतर दोन्ही पक्षांनी बाजू बदलावी, कारण ऊन आणि वारा यांचा लाभ एकाच पक्षास मिळू नये, असा नियम आहे. बाजू बदलणे प्रेक्षकांस नवीन नव्हते. दोघांनी एकाच वेळी, आणि कोणाचाही फायदा होणार नाही अशा बेताने ती बदलावयाची, ही कल्पना मात्र त्यांच्या गळी उतरेना. प्रत्येक सात गुणांनंतर, यात कोणाला काय मिळाले, याची चौकशी होई आणि काही मिळाले नाही हे उत्तर कोणीही खरे मानीत नसे. शिवाय सावलीही बाजू बदलत असल्यामुळे प्रेक्षकही बाजू बदलीत. त्यामुळे ओरडणारा मनुष्य कोणत्या पक्षाचा हे ओळखण्याची काही सोय उरली नाही.

एकवीस गुणांना डाव संपतो. कागदावर. दोन गुणांची आघाडी हवी, ही त्यातली मेख. आमच्या मंडळींचा पहिला रीतसर सामना दोन मावसभाऊ विरुद्ध एक चुलता-पुतण्या असा झाला, आणि एकवीस-एकवीस, चोवीस-चोवीस, सत्तावीस-सत्तावीस असा तो समसमान वाढत चालला. कारण एका पक्षाने गुण मिळविला की पुढची सर्व्हिस त्याच्याकडेच येई, आणि वाळूत पडलेली त्याची दोन माणसे उठून उभी राहून ती करीपर्यंत इतकी थकलेली असत की ती जाळ्यातच अडके. सूर्य मावळला. म्हशींचा एक कळप मैदान ओलांडून गेला, आणि त्यातील एकीने तर जाळ्यापाशी उभे राहून दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एकोणतीस-एकोणतीस झाले असता चेंडू दिसेनासा झाला. अव्वल कारकून पंचाच्या खुर्चीवर, म्हणजे एका बैलगाडीच्या साटीवर, उभे राहिले आणि त्यांनी सामना तहकूब करून पुढील तारीख दिली. त्या तारखेस चुलते एका लग्नास गेले. त्यापुढील तारखेस मावसभावांनी मुदत मागितली. मृगाची पहिली सर येण्यापूर्वी निकाल लागावा अशी सर्वांची इच्छा आहे, परंतु पुतण्याने आता चुलत्याशिवाय खेळण्याचा अर्ज दिला असून त्यावर चुलत्यांचे म्हणणे मागविण्यात आले आहे.